जपानच्या आरोग्यविम्यातील खर्चमर्यादा : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव आणि प्रस्तावित वाढीला माझा विरोध

गेल्या वर्षी मे महिन्यात मला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तेव्हापासून आज, जून 2025 पर्यंत, एक शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि दर तीन आठवड्यांनी लावले जाणारे ट्रॅस्टुझुमॅब या औषधाचे सलाइन असा उपचार टोकियोतील एका रुग्णालयात चालू आहे. मी एदोगावा भागात चौदा वर्षे राहते. या काळात पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या विम्याच्या हप्त्याकडे मी फारसे लक्ष दिले नव्हते. आता दिले आहे, आणि येथे राहणाऱ्या किंवा येऊ घातलेल्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून अनुभव सविस्तर लिहीत आहे.

जपानमध्ये 1961 पासून प्रत्येक रहिवाशाला सरकारी आरोग्यविमा सक्तीचा आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणारे परदेशी नागरिकही त्यात येतात. नोकरदारांचा विमा कंपनीमार्फत असतो, बाकीच्यांचा वॉर्ड ऑफिसमार्फत. या दुसऱ्याला सगळे ‘कोकुहो’ म्हणतात. बिलाचा तीस टक्के भाग रुग्णाने भरायचा, हा सर्वसाधारण नियम आहे. पण कर्करोगाच्या बिलाचे तीस टक्केही मध्यमवर्गीय घराला झेपत नाहीत. त्यासाठी 1973 पासून ‘कोगाकु र्‍योयोही’ ही तरतूद आहे : एका महिन्यात रुग्णाने किती भरायचे याला उत्पन्नानुसार कमाल मर्यादा. वर्षाला साधारण 37 ते 77 लाख येन मिळवणाऱ्यांसाठी ही मर्यादा 2025 मध्ये 80,100 येन होती, आणि एकूण बिल 2,67,000 येनांच्या पुढे गेले तर वरच्या रकमेचा एक टक्का. बारा महिन्यांत तीन वेळा मर्यादा गाठली गेली की चौथ्या वेळेपासून ती 44,400 येनांवर येते.

माझ्यासमोर या वर्षीच्या जानेवारीतील पावती आहे. येथे बिल येनांत नव्हे तर गुणांत मांडतात, एक गुण म्हणजे दहा येन. त्या दिवशीच्या रक्ततपासणीचे, सलाइनचे आणि औषधाचे मिळून 31,862 गुण झाले, म्हणजे 3,18,620 येन. तीस टक्क्यांच्या हिशेबाने 95 हजारांवर रक्कम गेली असती. मर्यादेमुळे मी 80,616 येन भरले. हे पैसे आधी भरून नंतर परत मागावे लागले नाहीत, कारण माय नंबर कार्ड (रहिवाशांना मिळणारे सरकारी ओळखपत्र) यंत्रावर ठेवले की रुग्णालयाला माझी मर्यादा आपोआप दिसते.

आता जानेवारीची पावती 44,400 ची का नाही, ते सांगते. मागच्या ऑक्टोबरपासून मी 44,400 च भरत होते. डिसेंबरअखेर मी नोकरी सोडली, कारण सलाइननंतरचे चार दिवस कामावर उभे राहणे शक्य होत नव्हते, आणि पतीच्या मसाल्यांच्या दुकानात बसून जमेल तेवढे करावे असे ठरले. विमा कंपनीकडून कोकुहोकडे गेला. विमा बदलला की मर्यादा गाठल्याच्या महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे मला पावती हातात पडल्यावर कळले. आजार तोच, औषध तेच, खुर्चीसुद्धा बहुधा तीच. पण तीन महिन्यांत मिळून सुमारे 1 लाख 8 हजार येन जास्त गेले. नोकरी सोडताना वीस दिवसांच्या आत अर्ज करून जुना विमा स्वखर्चाने दोन वर्षांपर्यंत चालू ठेवता येतो आणि तसे केले असते तर मोजणी तुटली नसती, हे त्या वेळी कंपनीत कोणी सांगितले नाही. ज्यांचा दीर्घ उपचार चालू आहे त्यांनी राजीनामा देण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

दुसरी त्रुटी लहान आहे. मर्यादा दिनदर्शिकेच्या महिन्याप्रमाणे मोजली जाते. त्यामुळे एखाद्या महिन्यात दोन सलाइने बसली तर फायदा होतो, आणि महिनाअखेरीस दाखल होऊन पुढच्या महिन्यात घरी आलेल्या माणसाला दोन मर्यादा भराव्या लागू शकतात.

एवढे असूनही ही योजना मी मनापासून चांगली म्हणेन. माझ्या वडिलांच्या आजारपणात साताऱ्याजवळचे अर्धा एकर रान विकावे लागले होते. आई अजूनही त्या बांधावरून जाताना मान खाली घालते. माझ्या निदानानंतर तिचा पहिला प्रश्न ‘किती लागतील गं?’ हा होता, आणि मी तिला फोनवर एक आकडा सांगू शकले. रुग्णाला खर्चाचा वरचा आकडा आधी माहीत असणे ही या योजनेची खरी देणगी आहे.

नेमक्या याच आकड्याला सरकारने हात घातला. डिसेंबर 2024 मध्ये अर्थसंकल्प ठरवताना असा निर्णय झाला की माझ्या उत्पन्नगटाची मर्यादा ऑगस्ट 2025 पासून 88,200 येन करावी आणि पुढे गटाचे लहान भाग करून ऑगस्ट 2027 मध्ये त्यातल्या सर्वांत जास्त उत्पन्नाच्या भागासाठी ती 1,38,600 पर्यंत न्यावी. चौथ्या वेळेपासूनची 44,400 ची सवलतही आरंभी वाढीच्या यादीत होती. कर्करोग रुग्णांच्या संघटनांनी थोड्या दिवसांत हजारो रुग्णांची म्हणणी गोळा करून संसदेपुढे ठेवली. फेब्रुवारीत सवलतीवरील वाढ मागे घेतली गेली, आणि 7 मार्च 2025 रोजी तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांनी रुग्णसंघटनांना भेटून ऑगस्टची वाढही स्थगित केली. 2025 च्या शरद ऋतूपर्यंत नव्याने विचार करण्याचे तेव्हा ठरले, म्हणजे प्रश्न संपला नव्हता.

सरकारची अडचण खोटी नाही. लोकसंख्या वृद्ध होत आहे आणि औषधे अफाट महाग होत आहेत. 2019 मध्ये रक्ताच्या कर्करोगावरील ‘किमरिया’ हा उपचार विम्यात आला तो सुमारे 3 कोटी 35 लाख येन किमतीने. तरुण कमावत्या लोकांचे हप्ते कमी व्हावेत, हा हेतूही योग्य आहे. परंतु हप्त्यातील बचत माणशी वर्षाला काही हजार येनांची, आणि तिच्यासाठी बोजा टाकायचा तो आधीच आजारी असलेल्या मोजक्या माणसांवर, हे मला मान्य नाही. तोच तरुण उद्या आजारी पडला तर वाचलेले हप्ते त्याच्या पहिल्या महिन्यालाही पुरणार नाहीत. शिवाय बचतीच्या सरकारी अंदाजात, खर्च वाढल्यामुळे लोक उपचार कमी घेतील हेही धरलेले होते. कर्करोगात उपचार कमी घेणे याचा अर्थ काय होतो, हे सलाइनच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

चर्चेत फारशी न आलेली एक बाब येथे मांडते. समजा, एक रुग्ण तीन महिन्यांची औषधे एकदम घेतो आणि त्याच्या वाट्याचे तीस टक्के 85,000 येन होतात. मर्यादा 80,100 असेल तर तो ती ओलांडतो, तीन वेळा 80 हजारांच्या आसपास भरतो आणि नंतर 44,400 वर येतो. मर्यादा 88,200 झाली, की तो तिच्या खाली राहतो, त्याची मोजणी सुरूच होत नाही आणि दर वेळी पूर्ण 85,000 भरत राहतो. म्हणजे दहा टक्क्यांची म्हणून सांगितलेली वाढ त्याचा खर्च 44,400 च्या जवळपास दुप्पट करते. 44,400 ची सवलत कायम ठेवली एवढ्याने हा माणूस वाचत नाही. माझ्यासारखे ज्यांचे विमा बदलल्याने मोजमाप शून्यावर येते, त्यांनाही सुरुवातीचे तीन महिने ही सवलत वाचवणार नाही.

सुधारणा करायचीच असेल तर विमा बदलला तरी मोजणी पुढे चालू ठेवावी आणि महिन्याच्या मर्यादेबरोबर वर्षाचीही कमाल मर्यादा घालावी, असे मी वॉर्डातील एका बैठकीत बोलले. मला येथे मतदानाचा हक्क नाही. परंतु संसदेकडे विनंतीअर्ज करण्याचा हक्क परदेशी रहिवाशांनाही आहे, आणि स्वाक्षऱ्यांच्या मोहिमेत माझी व पतीची सही आहे. माझे अजून पाच डोस बाकी आहेत. एप्रिलपासून पावतीवर पुन्हा 44,400 येऊ लागले आहेत.