हंटिंग बूट आणि काळी माती : सोल नेमका कुठे सुटतो

‘हंटिंग बूट’ हा शब्द खान्देशात ऑनलाइन दुकानांनी आणला. शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कधीच बंद झाली. आता हे बूट घेतात ते रावेर-यावलकडे केळीत पाणी धरणारे, रात्री रानडुकरांपासून मका राखणारे, सातपुड्यात गस्तीला जाणारे वनरक्षक आणि पाल-तोरणमाळला हिंडणारी हौशी मंडळी. तक्रार मात्र सगळ्यांची एकच : चामडं शाबूत आणि सोल हातात.

त्यामुळे इथे चामड्यापेक्षा जोडाबद्दल जास्त लिहिलं आहे. चामडं जाड, पातळ कसंही असो, ते सहसा दोन-तीन वर्षं काढतंच. बूट मरतो तो सोल आणि वरचा भाग जिथे भेटतात त्या अर्ध्या इंचात.

आधी आपल्याकडे हा जोड का सुटतो ते बघू. पहिलं कारण ऊन. चिकटवलेल्या बुटात कारखान्यात पीयू (पॉलियुरेथेन) गोंद लावून वाळवतात, मग साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून मऊ करतात आणि सोल दाबून बसवतात. मे महिन्यात भुसावळला सावलीत पारा ४५ ओलांडतो. उन्हात उभ्या गाडीची डिकी, पत्र्याचं शेड, ट्रॅक्टरचा टूलबॉक्स यांच्या आत त्याहून पुष्कळ जास्त तापतं. ज्या उष्णतेने जोड बसला, जवळपास तेवढीच उष्णता त्याला पुन्हा ढिला करते. गोंदात हार्डनर (गोंद पक्का करणारं रसायन) नीट मिसळलेला असेल तर जोड हे सोसतो. स्वस्त बुटात नेमका तोच वाचवलेला असतो, आणि ते बाहेरून ओळखता येत नाही.

दुसरं कारण गारा, म्हणजे चिकट चिखल. ओल्या काळ्या मातीत दहा पावलं टाकली की बुटाखाली गोळा तयार होतो. पाय उचलताना माती सोलला खाली धरते आणि पाय वरच्या चामड्याला वर ओढतो. सगळी ओढ जोडावर येते. त्यात पाऊल टाचेकडून उचलत जातं, म्हणून शेवटचा हिसका पंजाच्या टोकाला बसतो. बूट नेहमी पुढूनच आ वासतो तो यामुळे. शिवाय टोकाला चामडं गोलाईत आत दुमडताना त्याला चुण्या पडतात. त्या चुण्या घासून सपाट केल्या नाहीत, तर गोंद फक्त उंचवट्यांना लागतो आणि खोलगट जागा कोरड्या राहतात. पाणी आधी तिथेच शिरतं.

तिसरं कारण पऱ्हाटी. कपाशी काढल्यावर विळ्याने तिरके छाटलेले खुंट जमिनीत राहतात आणि ते सुळ्यांसारखे टोकदार असतात. खुंट सोलच्या कडेला अडकला की पुढचं पाऊल तरफेसारखं काम करतं आणि कड उचकटते. तुरीचे खुंट त्याहून वाईट, कारण ते वाकत नाहीत.

आता बाजारात मिळणारे प्रकार. परदेशी थाटाचे, कॅमोफ्लाज छापाचे ‘हंटिंग’ बूट दिसतात दणकट, पण त्यातले बरेचसे बर्फाळ प्रदेशासाठी बेतलेले असतात. लेबलवर ‘२०० ग्रॅम’, ‘४०० ग्रॅम’ किंवा ‘थिन्सुलेट’ दिसलं तर ते बुटाचं वजन समजू नका. आत भरलेल्या ऊबदार थराचं ते दर चौरस मीटरचं माप आहे. असा बूट भुसावळच्या उन्हाळ्यात घालणं म्हणजे पायाला गोधडी गुंडाळणं. आत वॉटरप्रूफ पडदा असलेले बूटही इकडे फारसे कामाचे नाहीत. नाल्यात पाणी वरून आत गेलं की तोच पडदा ते आत कोंडून ठेवतो, बूट दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलीने गोंद कुजवत बसतो. खालच्या पिवळ्या अष्टकोनावर ‘व्हिब्रम’ असेल तर रबर उत्तम आहे एवढंच समजायचं. विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने सहा सोबती आल्प्समध्ये गमावल्यावर १९३७ साली हा खाचांचा रबरी सोल आणला, त्याच्या नावाची ती अक्षरं. पण सोल कोणी बनवला आणि तो बुटाला कोणी कसा जोडला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सगळ्यात जास्त खपतात ते पीयू सोलचे सेफ्टी बूट, साधारण सातशे ते दोन हजारांत. यात सोल वेगळा चिकटवत नाहीत. चामड्याचा वरचा भाग साच्यावर चढवून खाली पीयू थेट ओततात, म्हणून गोंदाची रेघ नसते आणि नवा असताना जोड घट्ट असतो. घेताना आयएस १५२९८ (भाग २) या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का बघा आणि त्याखालचा सीएम/एल (परवाना) क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अॅपमध्ये टाकून तपासा. या मानकात सोलची पकड दर मिलिमीटरला किमान ४ न्यूटन लागते. म्हणजे एक सेंटिमीटर रुंद पट्टीला चार किलो टांगले तरी ती सुटू नये. फक्त ही चाचणी नव्या कोऱ्या बुटाची असते.

पीयूचं खरं दुखणं वेगळंच आहे. बहुतेक स्वस्त पीयू पॉलिएस्टर जातीचं असतं आणि हवेतल्या ओलाव्याने ते आतून तुटत जातं. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की वेग वाढतो. गंमत अशी की न वापरता डब्यात ठेवलेला बूटही यातून वाचत नाही. तीन-चार वर्षांनी खोक्यातून काढला, घातला आणि शंभर पावलांत सोलचे शिळ्या भाकरीसारखे तुकडे पडले, असं होतं. हा सोल सुटत नाही, विरतो. त्यावर मोचीचाही इलाज चालत नाही, कारण चिकटवायला घट्ट असं काही उरलेलंच नसतं. म्हणून पीयू बुटावर किमतीच्या आधी उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. वर्षापेक्षा जुना माल सवलतीत मिळत असेल तर ती सवलत कशाची हे ओळखा. ‘डबल डेन्सिटी’ (दोन थरांचा सोल) लिहिलेलं असेल तर खालचा थर रबराचा आहे का ते विचारा. मुरूम आणि काळ्या पाषाणावर नुसतं पीयू झपाट्याने झिजतं, नायट्राइल रबर टिकतं.

कॅनव्हासचा जंगल बूट हजाराच्या आत मिळतो, आणि त्याच्याकडे आपण उगाच नाक मुरडतो. त्याचा रबरी सोल गंधकाबरोबर तापवून कापडावरच पक्का केलेला असतो, म्हणजे व्हल्कनाइज केलेला. ऊन त्याचं फारसं वाकडं करत नाही, भिजला तर अर्ध्या दिवसात वाळतो. उणीव दोन. वेड्या बाभळीचा काटा कापडातून सरळ आत येतो, आणि पंजाभोवती फिरवलेली रबरी पट्टी आधी उचलते. पट्टी सुटली म्हणजे सोल सुटला असं नाही. ती वेळेत चिकटवली तर बूट पुढे चालतो, दुर्लक्ष केलं तर तिच्यातून पाणी कापडात उतरतं आणि कापड सोलच्या वर कुजून फाटतं. पायवाटेने डोंगर चढणाऱ्याला पैशाच्या मानाने हाच बूट सर्वांत परवडतो.

केळीत, ठिबकच्या सततच्या ओलीत आणि रात्रीच्या राखणीला मात्र गमबूटच. अखंड साच्यातला असल्याने जोडाचा प्रश्नच नाही. रबरी असेल तर आयएस ५५५७, पीव्हीसी असेल तर आयएस १२२५४ बघा. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण उन्हात कडक होऊन घोट्याच्या चुणीवर चिरतो. गुडघ्यापर्यंतची उंची घ्या. घोणस आणि नागाचे दंश मुख्यतः पाऊल आणि पोटरीवरच होतात. गमबूट घालून डोंगर चढू नका, टाच आत घसरते आणि तासाभरात फोड येतो.

आणि आता शिलाईचे. गुडइयर वेल्ट म्हणजे वरचं चामडं आतल्या सोलच्या कडेला एका पट्टीसह शिवतात आणि मग ती पट्टी बाहेरच्या सोलला दुसऱ्या शिलाईने शिवतात. गोंद असतो, पण ओझं दोऱ्यावर. ‘स्टिचडाउन’मध्ये चामडं आत दुमडण्याऐवजी बाहेर वळवून सोलवर शिवतात, त्यामुळे कडेला बोटभर ओठ दिसतो. दोन्ही पुन्हा सोल बसवता येणारे आहेत. पाच हजारांच्या खाली खरा वेल्ट मिळणं कठीण. आपल्या मातीत याचं एकच वैर आहे : खालच्या बाजूला दोरा उघडा असेल तर मुरूम तो कातरतो. सोलला चर पाडून दोरा त्यात बुडवलेला हवा. दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा घ्या, सुती दोरा केळीच्या ओलीत कुजतो.

शिलाईच्या नावाखाली फसवणूकही इथेच जास्त चालते. कित्येक बुटांवर टाके फक्त शोभेचे असतात, रबरात साचानेच उमटवलेले. ओळखायला तीन गोष्टी करा. वरून टाका दिसतो त्याच्या सरळ खाली सोलवर टाका आहे का बघा. नखाने दोरा उचलून बघा, उचलला गेला नाही तर तो रबराचा उठाव आहे. मग आतली गादी बाहेर काढा. बाजूने शिवलेल्या बुटात आत दोऱ्याची रांग दिसते. खऱ्या गुडइयर वेल्टमध्ये आतला सोल कोरा असतो, तेव्हा तिथे टाका नाही म्हणून घाबरू नका.

दुकानात आणखी थोडा वेळ काढा. बूट दोन्ही हातांनी धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर आत शँक (सोलला ताठ ठेवणारी कडक पट्टी) नाही आणि त्याचा ताण जोडाला बसणार. वाकलेल्या स्थितीत पंजाच्या दोन्ही बाजूंना व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवून बघा, दोन मिलिमीटरही आत जायला नको. सोलच्या खाचा मोजू नका, त्यांतली जागा बघा : करंगळीचं टोक बसेल एवढी मोकळी जागा असेल तर माती पडते, दाटीवाटीच्या खाचांत ती विटेसारखी बसते. माप संध्याकाळी, जाड मोजा घालून. नाडी न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. आखूड बूट घेतला की अंगठा आतून टोकाला ढकलत राहतो आणि सोल बाहेरून सुटतो. दुकानदार म्हणेल, ‘घालून घालून सैल होईल’. रुंदीला थोडा होतो, लांबीला होत नाही.

बोटांवरची पोलादी टोपी आणि तळव्याखालचा पोलादी पत्रा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पऱ्हाटीत आणि बाभळीत पत्रा हवा. मानकानुसार तो ११०० न्यूटन जोराचा खिळा अडवतो. टोपी डोंगर उतरताना बोटं चेचते, शेतकऱ्याला तिची गरज नाही.

नव्या चिकटवलेल्या बुटाला आधीच बाजूची शिलाई मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे, पण सरसकट नाही. सोलची भिंत चामड्यावर निदान एक सेंटिमीटर वर चढलेली आणि ती रबराची असेल तरच. मऊ पीयू किंवा ईव्हीए (हलका फोम) सोलमध्ये दोरा पनीर कापावं तसा कापत जातो आणि शिलाईची रांगच फाटायची रेघ होते. मोचीला मेण लावलेला नायलॉन दोरा वापरायला सांगा, टाके ५ ते ६ मिलिमीटरवर.

धुताना गारा ओला असतानाच काडीने काढा आणि साध्या पाण्याने धुवा. वाळलेला गारा ठोकून काढला की सोबत कडही उचकटते. ट्रॅक्टरचं ग्रीस लागलं म्हणून डिझेलने पुसू नका. डिझेलने रबर फुगतं आणि गोंद सुटतो. चामडं मऊ राहावं म्हणून गोडेतेल चोपडायची सवय असते. चामड्याला हलकं चालेल, पण जोडाच्या फटीत तेल गेलं की पुढे कुठलाच गोंद तिथे धरत नाही. वाळवायला आत वर्तमानपत्राचे बोळे, सावली आणि वारा. चुलीजवळ, पत्र्यावर, सायलेन्सरजवळ नाही.

टोक उघडलंच तर सोल पूर्ण सुटायची वाट बघू नका. फटीतली माती ब्रशने काढा, दोन्ही बाजूंना ६० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून जुन्या गोंदाची चकाकी घालवा, थिनरच्या फडक्याने पुसा. मग सोल्यूशनचा (मोचीच्या गोंदाचा) पातळ हात दोन्ही बाजूंना. १५ मिनिटं थांबा, दुसरा हात, पुन्हा १० मिनिटं. बोट लावल्यावर चिकटलं नाही पाहिजे, नुसतं ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात, गोंद ओला असतानाच दाबतात आणि आतला थिनर कोंडला जातो. दाबल्यावर हातोडीने मधून कडेकडे ठोका, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून २४ तास ठेवा. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) सोल असेल तर साधं सोल्यूशन धरत नाही, आधी त्याचा प्रायमर (गोंदाआधी लावायचं द्रव) लागतो. प्रायमर मोचीकडे नसला तर चिकटवण्याचे पैसे देऊ नका, सरळ शिलाई मागा.