बर्लिनच्या स्मारकांजवळ सह्या मागणाऱ्या टोळ्यांपासून सावध राहा

बर्लिनमधील बहुतेक महत्त्वाची स्मारके पाहण्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. युरोपातील ज्यूंच्या हत्याकांडाचे २,७११ काँक्रीट खांबांचे स्मारक आणि त्याखालचे माहिती केंद्र, बर्नाउअर स्ट्रासेवरील, एकेकाळी शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करणाऱ्या बर्लिन भिंतीचे स्मारक, नाझी गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाच्या जागेवर उभे असलेले 'टोपोग्राफी ऑफ टेरर', या सर्व ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. म्हणून या परिसरात कोणी हातात कागद घेऊन पैसे मागू लागला, तर त्याचा त्या स्मारकाशी काही संबंध नाही, हे आधीच गृहीत धरावे. आमच्या बाबतीत जे घडले ते सविस्तर सांगतो, कारण पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या सहलींच्या कार्यक्रमात आता बर्लिन बऱ्याचदा असते आणि त्यांत वयस्कर मंडळींची संख्या मोठी असते.

माझी आत्या कोल्हापूरकडील एका कर्णबधिर विद्यालयातून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. आम्ही ब्रांडेनबुर्ग दरवाजा पाहून ज्यू स्मारकाकडे निघालो होतो. १७९१ मध्ये पूर्ण झालेला हा दरवाजा भिंतीच्या काळात सीमेच्या बंदिस्त पट्ट्यात सापडला होता आणि सामान्य माणसाला तेथे पोहोचणेही अशक्य होते. आज त्याच्यासमोरच्या चौकात पर्यटकांची सतत गर्दी असते. तेथे दोन तरुणी आमच्याजवळ आल्या. त्यांनी कानाला आणि ओठांना बोट लावून आपण ऐकू-बोलू शकत नाही असे दर्शवले आणि लिहिण्याची पाटी पुढे केली. पाटीवरील कागदावर इंग्रजीत कर्णबधिर व अपंग मुलांच्या केंद्रासाठी पाठिंबा मागितला होता आणि खाली नाव, देश व सही यांचे रकाने होते. आत्याने आयुष्यभर अशाच मुलांना शिकवले असल्यामुळे तिने अत्यंत आनंदाने सही केली आणि त्यांच्याशी खुणांनी बोलण्याचाही प्रयत्न केला. त्यांनी काहीच प्रतिसाद दिला नाही. प्रत्येक देशाची सांकेतिक भाषा वेगळी असते हे तिला ठाऊक असल्याने तिला त्यात वावगे वाटले नाही.

सही होताच त्यांच्यापैकी एकीने कागदाच्या उजव्या कडेवरील, तोवर बोटांखाली झाकलेला रकाना दाखवला. त्यात आधीच्या नावांपुढे वीस, तीस, पन्नास युरो असे आकडे लिहिलेले होते. आत्याने वीस युरोंची नोट दिली, तेव्हा त्यांनी मान हलवून पन्नासच्या आकड्यावर बोट आपटायला सुरुवात केली, तिचा हात धरला आणि पाटी तिच्या छातीपाशी आडवी धरली. मी मध्ये पडून त्यांना बाजूला केले, तोपर्यंत काम झालेले होते. पाटीच्या आडून दुसरीने खांद्यावरच्या पिशवीतील पैशांचे पाकीट काढून घेतले होते. त्यात युरो आणि फॉरेक्स कार्ड होते. पासपोर्ट वेगळ्या ठिकाणी असल्याने वाचले. चौकाच्या टोकाला पोलिसांची गाडी दिसताच त्याच तरुणी एकमेकींना मोठ्याने हाका मारत पळाल्या.

पैशांपेक्षा आत्याला हे पळणे अधिक लागले. ऐकू न येणाऱ्या मुलांचे नाव पुढे करून माणसाच्या दयेवर दरोडा घातला जातो, आणि उद्या खरोखर मदत मागणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतील, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचे म्हणणे मला पूर्ण पटते. ही फसवणूक केवळ पर्यटकांची होत नाही.

कार्ड आम्ही बँकेच्या ॲपवरून लगेच बंद केले, तरी तेवढ्या वेळात पिन न लागणारे छोटे व्यवहार झालेच. पोलिसांनी शांतपणे तक्रार नोंदवली आणि नोंदणी क्रमांक दिला. तो क्रमांक जपून ठेवावा, कारण प्रवास विम्याचा दावा करताना तो मागतात. विमा घेतानाच रोख रकमेची चोरी त्यात धरली आहे का, हेही वाचून घ्यावे, कारण पुष्कळ योजनांमध्ये ती धरलेली नसते.

असाच सापळा चेकपॉइंट चार्ली या पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधील जुन्या सीमा-नाक्यापाशीही असतो. ऑक्टोबर १९६१ मध्ये जेथे अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले, आणि ज्याच्या जवळच पुढच्या वर्षी पेटर फेख्टर हा अठरा वर्षांचा तरुण भिंत ओलांडताना गोळी लागून मरण पावला, त्या भागात रस्त्यावर तीन डब्यांखाली गोळी लपवण्याचा जुगार चालतो. जिंकताना दिसणारी माणसे टोळीचीच असतात, आणि पाहायला थांबलेल्यांच्या खिशांवरही त्यांची नजर असते. स्मरणिका म्हणून पूर्व जर्मनीचे शिक्के मारून देणारेही भेटतात. हौस असेल तर ते साध्या कागदावर घ्यावेत, पासपोर्टवर कदापि घेऊ नयेत, कारण अनधिकृत शिक्क्यामुळे पुढच्या सीमेवर पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो.

राइशस्टाग म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवरील काचेच्या घुमटासाठी आगाऊ नोंदणी लागते, परंतु जर्मन संसदेच्या अधिकृत संकेतस्थळावर ती पूर्णतः विनामूल्य आहे. तेथे प्रत्येकाचे नाव व जन्मतारीख द्यावी लागते आणि प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट दाखवावा लागतो. केवळ नोंदणी करून देण्याचे पैसे कोणी मागत असेल, तर ते देण्याचे काहीच कारण नाही.

सह्या मागणारे जवळ आले, तर न थांबता नकारार्थी मान हलवून चालत राहावे. पाटी हातात घेऊ नये आणि पिशवी पुढच्या बाजूला धरावी. वयस्कर नातेवाइकांना हे निघण्यापूर्वी घरीच समजावून सांगावे. काही घडलेच तर पोलिसांसाठी ११० हा क्रमांक फिरवावा. पासपोर्ट गेला असेल, तर पोलिसांच्या तक्रारीची प्रत घेऊन टीअरगार्टनस्ट्रासेवरील भारतीय दूतावासात जावे.