रिअर प्रोजेक्शन टीव्हीचा लॅम्प बदलून आठ महिने: वापरानंतरचा अनुभव

टीव्ही ५० इंची, एलसीडी पॅनलचा: आतल्या लॅम्पचा उजेड छोट्या पॅनलमधून जाऊन मागून पडद्यावर पडतो. लॅम्प १२० वॅटचा यूएचपी, म्हणजे जास्त दाबाच्या पाऱ्याच्या वाफेचा. रोजचे चार तास धरले तर आठ महिन्यांत साधारण हजार तास भरले. पांढरा रंग अजून पांढराच दिसतो, पिवळट झाक नाही.

लॅम्प मिळवणं हीच खरी कटकट. मित्सुबिशीनं २०१२ च्या अखेरीस असे टीव्ही बनवणं थांबवलं, बाकीच्या मोठ्या कंपन्या त्याआधीच बाहेर पडल्या होत्या. कोल्हापुरात राजारामपुरीत चौकशी केली की आधी "तसला टीव्ही अजून चालतोय व्हय?" हेच ऐकायला मिळतं. मग इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठायचा: पुण्याची तपकीर गल्ली, नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

केजसकट (बल्ब बसवायच्या प्लॅस्टिकच्या चौकटीसकट) अख्खा लॅम्प घ्यायचा की नुसता बल्ब? जुन्या केजचं प्लॅस्टिक तडकलेलं नसेल तर नुसता बल्ब घ्या, पण नावाजलेल्या कंपनीचा. चकचकीत नव्या केजमध्ये आत भलताच बल्ब घालून विकतात. बल्बवर '१००/१२० वॅट १.० पी२२' असं काही छापलेलं असतं. १.० म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं मिलिमीटरचं अंतर, पी म्हणजे पॅराबोलिक आरसा, ई म्हणजे इलिप्टिकल. पीच्या जागी ई बसतो, पेटतोही, पण उजेड पडायचा तिथं पडत नाही. वॅट जुळले म्हणून फसू नका.

टीव्ही बंद करा, पंखा थांबू द्या, मग प्लग काढून तासभर थांबा. झाकण उघडल्यावर केजचे स्क्रू फक्त ढिले करायचे, बहुतेक सेटमध्ये ते केजलाच अडकून राहतात. हँडल धरून सरळ बाहेर ओढा, तिरकं नको. बल्बच्या दोन वायरी सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण वायर आरशाच्या पाठीला टेकली तर तिचं आवरण जळतं. नट घट्ट हवा, पण पिळायचा नाही. खालची सिरॅमिक तडकते. ढिला ठेवला तरी चालत नाही. पेटताना तिथं काही हजार व्होल्टचा झटका जातो, ठिणगी पडून टोक काळं होतं. काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून क्वार्ट्झवर पांढरा डाग धरतो आणि तिथूनच बल्ब फुगून फुटतो. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आरशाची कड चारी बाजूंनी नीट टेकली नाही तर पडद्याचा एक कोपरा अंधारा राहतो.

नवा लॅम्प पेटलाच नाही तर लगेच बॅलास्टला, म्हणजे लॅम्प पेटवणाऱ्या सर्किटला, दोष देऊ नका. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकची एक जीभ असते, ती आतला खटका दाबते. झाकण अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी लॅम्प पेटवताना होणारी टिक-टिक सुद्धा होत नाही. टिक-टिक होऊनही पेटत नसेल तर केज पूर्ण आत गेलाय का ते बघा, बॅलास्ट त्यानंतर. मेनूतला लॅम्पचा तासमीटर शून्यावर आणायला विसरू नका.

कोल्हापुरात लॅम्प मारते ती जाणारी वीज. पावसाळ्यात तर तिचा नेमच नाही. बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटं पंख्यानं लॅम्प थंड करायचा असतो, वीज गेली की तो पंखाच जागच्या जागी थांबतो. वीज लगेच आली तरी गरम लॅम्प पेटत नाही, आतल्या पाऱ्याच्या वाफेचा दाब फार असतो. सेट मात्र पुन्हा पुन्हा पेटवायचा प्रयत्न करतो आणि त्यात इलेक्ट्रोड झिजतात. इथं स्टॅबिलायझरचा उपयोग नाही. ६०० व्हीएचा कॉम्प्युटरचा यूपीएस पुरतो, मॅच बघायला नव्हे, नीट बंद करायला. वीस-पंचवीस मिनिटांनी टीव्ही आपोआप बंद पडू लागला तर बहुधा हवेची जाळी चोंदलेली असते. महिन्यातून एकदा ब्रशनं झाडा.

पडद्यावर निळे-पिवळे ढग असतील तर लॅम्पवर पैसे घालू नका. तो दोष आतल्या पॅनलचा किंवा पोलरायझरचा (पॅनलजवळच्या प्रकाश गाळणाऱ्या पट्टीचा), नव्या उजेडात तो जास्तच उठून दिसतो.

बल्ब फुटला तर खिडक्या उघडून खोलीबाहेर जा. आत पारा असतो, केरसुणी किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. आणि जुना बल्ब फुटलेला नसेल, नुसता मंद झाला असेल, तर कापडात गुंडाळून ठेवा. पुढं कधी बॅलास्टवर संशय आला की तपासायला तोच लागतो.