घरी ओतलेल्या शिशाला काय लावावं: नेलपॉलिश, ऑइलपेंट की पावडर?

गेल्या मे महिन्यात मासेमारीसाठी ओतलेल्या साठ जिगहेडपैकी (गळाच्या मानेवर शिशाचं डोकं ओतलेलं असतं तो जिगहेड) आज माझ्या डब्यात अकरा उरलेत. विसांना नेलपॉलिश, विसांना ऑइलपेंट आणि विसांना पावडर अशी वाटणी केली होती. उरलेल्यांत पावडरचे सात, नेलपॉलिशचे तीन आणि ऑइलपेंटचा एक, तोही फक्त मानेपाशी रंगीत. बाकीचे एकोणपन्नास बँडस्टँड आणि वरळीच्या खडकांत आहेत. तेव्हा या आकड्यांवरून पावडर जिंकली असं समजू नका. खडक रंग बघून गिळत नाही.

पण निर्णय याच आकड्यापासून सुरू होतो. वजन तुमच्याकडे किती दिवस राहणार, त्यावरून त्याच्यामागे किती वेळ घालवायचा ते ठरवा.

आधी साध्या वजनांचं उरकतो, म्हणजे तळाला बसवायची तीस-चाळीस-साठ ग्रॅमची शिशाची ढेकळं. यांना काही लावू नका. कोळीवाड्यात पागाच्या, म्हणजे फेकायच्या जाळ्याच्या, कडेला ओवलेल्या शिशाला कुणी रंग दिलेला पाहिलाय? शिसं हवेत स्वतःच करडं पडतं आणि तो करडा थर खाऱ्या पाण्यातही त्याला बऱ्यापैकी सांभाळतो. शिवाय ज्या खडकांत दर तीन फेकींमागे एक वजन अडकतं तिथे मी आता शिसं नेतच नाही. बाइकच्या गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग किंवा लोखंडी नट तंगुसाला (मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीला) बांधतो. लोखंडाची घनता ७.८७, शिशाची ११.३४, म्हणजे तेवढ्याच वजनाचा लोखंडी तुकडा आकाराने दीडपटीच्या जवळ जातो आणि भरतीच्या ओढीत जास्त वाहतो. चालतं. गेला तरी हळहळ नाही, आणि समुद्रात शिसंही पडत नाही.

रंगाचा खरा प्रश्न जिगहेडचा. त्याला गळ असतो, त्यावर सॉफ्ट प्लॅस्टिक, म्हणजे मऊ प्लॅस्टिकची नकली मासोळी, चढवायचं असतं, तो खाडीत किंवा वाळूवर वापरला तर महिनोन् महिने जगतो, आणि तो सतत आपल्या बोटांत असतो.

नेलपॉलिश सगळ्यात सोपं. कोपऱ्यावरच्या कटलरीच्या दुकानात मिळतं, ब्रश झाकणालाच असतो, दहा-पंधरा मिनिटांत हाताला लागेनासं होतं. आधी पांढऱ्याचा एक हात दिला की वरचा नारिंगी किंवा पोपटी खुलतो. थेट शिशावर दिलात तर तो मळकाच दिसणार. पाच-सात जिगहेड करायचे असतील तर पुढे वाचू नका, नेलपॉलिश आणा. दोष दोन. दगडाला दोन-चार वेळा आपटलं की टवके उडतात, हा पहिला. दुसरा मला फार उशिरा कळला. सॉफ्ट प्लॅस्टिकच्या मासोळ्यांत ते मऊ राहावं म्हणून जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते नेलपॉलिशला विरघळवतं. रंगवलेला जिगहेड आणि मासोळी एकाच कप्प्यात ठेवून आठवडाभराने डबा उघडलात तर दोन्ही एकमेकांना चिकटून च्युइंगमसारखे ओढले जातात. मासोळीही जाते, रंगही जातो.

ऑइलपेंटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नेलपॉलिशचे दोन्ही दोष त्यात आहेत, वर वाळायला एक रात्र लागते, आणि जुलैत दोन रात्री. घरात उरलेला डबा असेल तरच.

आता पावडर. खिडकीच्या ग्रिलला किंवा फ्रिजच्या जाळीला लावतात तीच ही पावडर कोटिंगची पावडर: राळ, तिला घट्ट करणारं रसायन आणि रंग, सगळं कोरडं दळलेलं. कारखान्यात ती विजेचा भार देऊन बंदुकीने फवारतात. आपल्याला बंदूक लागत नाही. जिगहेड हीट गनसमोर (गरम हवा फेकणाऱ्या यंत्रासमोर) धरायचा, तापला की पावडरच्या वाटीत एक फेर देऊन बाहेर काढायचा, एक टिचकी मारायची. तापमान बरोबर असेल तर डोळ्यांदेखत भुकटीची ओली चकाकी होते, पाकातून काढल्यासारखी. कमी तापला असेल तर पावडर बसतच नाही, खरबरीत राहते. जास्त तापला तर जाड थर ओघळून हनुवटीशी थेंब तयार होतो. चौदा ग्रॅमच्या डोक्याला किती सेकंद आणि सात ग्रॅमच्याला किती, हे तुमच्या हीट गनवर आणि हातावर आहे. पहिले पाच बिघडणार, बिघडू द्या. मेणबत्तीवर तापवू नका, काजळी धरते आणि ती रंगाखाली दिसते.

वाटीतली पावडर दबलेली असली की थर गोळ्यागोळ्यांचा बसतो. त्यावर फिश टँकचा एअर पंप हा झकास उपाय आहे. वाटीच्या तळाला सच्छिद्र कापड ताणून खालून हवा सोडली की पावडर दुधासारखी उकळल्यागत हलायला लागते आणि जिगहेड तिच्यात अलगद बुडतो.

बिनगळाच्या गोळ्यांसाठी दुसरी पद्धत आहे. प्लॅस्टिकच्या डब्यात पावडर, खेळण्यातल्या बंदुकीचे प्लॅस्टिकचे छर्रे आणि वजनं घालून खळखळा हलवायचं. घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि पावडर गोळ्यांना चिकटते. अमेरिकेत घरी बंदुकीच्या गोळ्या ओतणारे हौशी लोक असंच करतात (आपल्याकडे तो उद्योग थेट शस्त्र कायद्यात जातो, त्या वाटेला जाऊ नका). पण मुंबईत जून ते सप्टेंबर ही पद्धत विसरा. हवेत एवढा दमटपणा असतो की स्थिर वीज टिकतच नाही. मी वीस मिनिटं डबा हलवला आणि दंडच भरून आला. पावडरही दमट होऊन खडे धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो.

पावडर नुसती वितळली म्हणजे काम झालं नाही, ती भाजावी लागते. बहुतेक पावडरी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसवर दहा ते वीस मिनिटांत पक्क्या होतात. नेमका आकडा पाकिटावर असतो आणि तो धातूच्या तापमानाचा असतो, ओव्हनच्या काट्याचा नाही. शिसं वितळतं ३२७ अंशांना, तेव्हा भीती नाही. मात्र तुमच्या शिशात सोल्डर फार असेल तर जपा. कथील-शिशाचं ६३-३७ सोल्डर १८३ अंशांनाच पाणी होतं, आणि भाजताना जिगहेडचं नाक लोंबायला लागतं. गळाची काळजी काहींना वाटते, की भाजून तो नरम पडेल. ओतताना तो साडेतीनशे अंशांच्या शिशात उभा होता, त्यापुढे ओव्हन म्हणजे दुपारचं ऊन.

पहिल्या खेपेला मी जागा वाचवायला बावीस जिगहेड एका तारेवर लावले. तार मध्ये झोल खाऊन खाली आली, सगळे एकमेकांना टेकले, आणि ओव्हनमधून कैऱ्यांचा घोस बाहेर आला. सोडवताना प्रत्येकाला दोन्ही गालांवर जखम. दुसरी चूक कडीची. तंगूस ओवायची कडी पावडरने बुजली होती आणि भाजल्यावर ती सुईने फुटेना. आता बुडवून काढल्यावर, भाजण्याआधीच, प्रत्येक कडीतून सेफ्टी पिन फिरवतो. तेव्हा पावडर बिस्किटासारखी तुटते.

हेच मापाचंही. मधून भोक असलेल्या, ओवायच्या वजनांना पावडर लावली की भोक लहान होतं आणि तोंडाशी धारदार काठ राहतो, जो तंगूस कापतो. साच्याच्या फटीत शिरलेलं शिसं, म्हणजे बर, रंगाआधीच काढा; पावडर बर लपवत नाही, जाड करून दाखवते. आणि बर पक्कडीने मोडा किंवा चाकूने सोला. कानशीने किंवा ग्राइंडरने घासलंत तर शिशाची धूळ उडते.

एवढ्या खटाटोपाने मिळतं काय? खडकावर आपटून वाकेल पण सहसा टवका न उडणारा थर, सॉफ्ट प्लॅस्टिकसोबत एका डब्यात राहू शकणारा रंग, आणि बोटांना शिसं न लागण्याची बरीचशी सोय. माशाचं म्हणाल तर मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी इतकं गढूळ की रंगाने मासा भुलतो यावर माझा अर्धाच विश्वास आहे. वर्सोव्याच्या जेट्टीवरचे एक काका माझा पोपटी जिगहेड हातात घेऊन म्हणाले, “छान आहे रे. पण जिताड्याला चष्मा आहे का?” फक्त अंधारात चमकणारी पावडर मला संध्याकाळनंतर कामाची वाटली, आणि ती पांढऱ्या थरावरच लावायची.

खर्चात पावडर स्वस्त पडू शकते. साकीनाक्यासारख्या भागात पावडर कोटिंगचे गाळे आहेत, तिथे अर्धा किलो उरलेली पावडर मागितली तर मिळून जाते, आणि अर्ध्या किलोत कित्येक वर्षं निघतात. एपॉक्सी आहे की पॉलिएस्टर विचारतील. एपॉक्सी उन्हात खडूसारखी भुरकट होते, म्हणून ग्रिलला नको. जिगहेडला दोन्ही चालतात. पैसे जातात ते हीट गन आणि ओव्हनवर. वर्षाला तीसेक जिगहेड करणार नसाल तर तो खर्च वसूल होत नाही, नेलपॉलिशच बरं. किंवा दोघा-तिघांनी मिळून एक संच घ्या.

एक गोष्ट तिन्ही पर्यायांना सारखी लागू आहे. घरातल्या रंगात शिसं किती असावं यावर भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद) मर्यादा आहे, आणि आपण इथे अख्खं शिसंच हातात घेऊन बसतो. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटनमध्ये १९८७ साली ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधल्या शिशाच्या वजनांवर बंदी आली, कारण ती गिळून हंस मरत होते. म्हणून ओतकाम स्वयंपाकघरात नाही, लहान मुलं किंवा गरोदर बाई असलेल्या घरात तर मुळीच नाही. मी गोरेगावला मित्राच्या गाळ्यात, दोन्ही शटर उघडी ठेवून करतो. वितळलेल्या शिशावर येणारी करडी साय हीच सगळ्यात वाईट. ती पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात जाते, केराच्या टोपलीत नाही. जुन्या बॅटरीतलं शिसं फुकट मिळालं तरी घेऊ नका, ॲसिड आहे आणि त्यातून विषारी वायूही सुटू शकतात. आणि पावसाळ्यात साचा, पळी, शिशाच्या विटा, सगळं आधी कडकडीत तापवा. साच्यात राहिलेल्या एका थेंबाची वाफ होते आणि ती शिसं घेऊन छपराला जाते. आमच्या गाळ्याच्या पत्र्यावर रुपयाएवढा चंदेरी डाग आहे; त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता म्हणून हे लिहितोय.

ओव्हनचं म्हणाल तर जुना ओटीजी घ्या, पण त्याचं खाण्याशी नातं कायमचं तोडून. आमच्या घरचा मी गाळ्यात नेला तेव्हा त्याच्या दारावर मार्करने कवटी काढली. आई तरी दिवाळी जवळ आली की विचारते, नानकटाईपुरता परत आणता येईल का म्हणून.