आईला घेऊन केलेली 'सिनेमातली इटली' टूर : पैसा वसूल झाला का?

नवरात्र संपलं आणि मी आईला घेऊन इटलीला जाऊन आले. ११ दिवस, रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस, पण नेहमीची टूर नाही, दादरच्या एका छोट्या ऑफिसने 'सिनेमातली इटली' म्हणून काढलेली, आमच्यासकट १४ जणं. माणशी २ लाख ९० हजार, त्यात विमान, व्हिसा, हॉटेल, नाश्ता, ट्रेन आणि प्रत्येक शहरात लोकल गाईड. ऑफिसचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना समोर बसून सांगितल्यात. पण अशी टूर घ्यायची का आणि पैसे भरायच्या आधी काय विचारायचं हे मात्र नीट लिहिते, कारण मला आधी कुणी सांगितलं असतं तर खूप बरं झालं असतं.

आई ७१ वर्षांची, परळची, शाळेतून रिटायर झालेली. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर घरी न सांगता मॉर्निंग शोला जाऊन तिने 'रोमन हॉलिडे' बघितलेला, तो सिनेमा १९५३चा पण इकडे मॅटिनीला पुन्हा पुन्हा लागायचा म्हणे. तिला विचारलं इटलीत काय बघायचंय तर व्हॅटिकन नाही, पिसाचा मनोरा नाही, म्हणाली, "त्या दगडी तोंडात मला एकदा हात घालायचाय गं." म्हणून ही टूर.

तर ते दगडी तोंड म्हणजे बोका देला वेरिता, सांता मारिया इन कॉस्मेदिन नावाच्या चर्चच्या ओसरीत भिंतीला लावलेला संगमरवराचा मोठा गोल चेहरा, खोटं बोलणाऱ्याचा हात आत तुटतो अशी जुनी समजूत. बाहेर ही लांब रांग, आम्ही ४० मिनिटं उभ्या होतो, आणि पुढे पोचल्यावर फोटोपुरता क्षण मिळतो, मागून लोक सरकतच असतात. इथे आमच्या रोमच्या गाईडने जे केलं त्यासाठी मी तिला दहापैकी दहा देईन. तिथलीच बाई, पन्नाशीची, हातात टॅब, त्यात त्या सीनची एक फ्रेम थांबवून ठेवलेली. रांगेत असतानाच तिने आईला सांगितलं की 'रोमन हॉलिडे'चा नायक ग्रेगरी पेकने हात आत घातला आणि बाहेर काढताना पंजा बाहीत लपवला, नायिका ऑड्री हेपबर्नला याची काहीच कल्पना दिलेली नव्हती, त्यामुळे सिनेमात ती जी किंचाळते ती खरीखुरी किंचाळी आहे. मग मला म्हणाली तू फोटो काढणार ना, तर इथे नाही, अजून दोन पावलं डावीकडे, थोडी खाली वाक, कॅमेरा इथे होता. मी वाकले, आणि स्क्रीनमध्ये अचानक तीच फ्रेम. तोच चेहरा, तीच दगडाची कड, फक्त मध्ये आई, हिरव्या बांगड्या मनगटावर मागे सारून हात घालतेय. तो फोटो आता हॉलमध्ये लावलाय.

मला या टूरचं सगळं मर्म त्या दोन पावलांत दिसलं. लोकेशनवर नुसतं नेऊन सोडलं तर ती एक भिंत असते नाहीतर एक जिना असतो, कॅमेरा कुठे उभा होता ते कुणीतरी दाखवावं लागतं. पुढे दहा दिवस मी प्रत्येक जागा याच मापाने मोजली.

रोममध्ये हे माप जवळपास सगळीकडे पुरं पडलं. व्हिया मार्गुत्ता हा शांत, वेलींनी भरलेला रस्ता, ५१ नंबरच्या दारामागचं अंगण म्हणजे 'रोमन हॉलिडे'तल्या पत्रकाराचं, म्हणजे पेकचं घर. आत माणसं राहतात त्यामुळे दार उघडं असलं तर बाहेरूनच डोकवायचं, आमच्या नशिबाने उघडं होतं. त्याच रस्त्यावर ११० नंबरला दिग्दर्शक फेलिनी आणि त्याची बायको जुलिएत्ता मसीना राहायचे, तिथे पाटी आहे, आमच्यातले निम्मे लोक न बघताच पुढे निघून गेले. स्पॅनिश स्टेप्स या मोठ्या जिन्यावर मात्र सिनेमातल्यासारखं आइस्क्रीम खात बसायचं मनात असेल तर विसरा, २०१९पासून पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, २५० युरोपासून पुढे दंड, आणि पोलीस खरंच शिट्टी वाजवून उठवतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे त्रासाचं आहे, आईला खाली कारंज्याजवळ थांबवलं.

त्रेवी या प्रसिद्ध कारंज्यापाशी गाईडने सकाळी सहाला बोलावलं. सगळे कुरकुरले, पण गेलो म्हणून ते कारंजं पाण्याच्या आवाजासकट मिळालं, नऊनंतर तिथे फक्त माणसांचा आवाज असतो. १९६०च्या 'ला दोल्चे विता'मधला या कारंज्याच्या पाण्यातला सीन थंडीत शूट झाला होता, नायिका अनिता एकबर्ग तशीच पाण्यात उभी राहिली आणि नायक मार्चेल्लो मास्त्रोयानीने सुटाच्या आत पाणबुड्याचा रबरी सूट घातला होता. आणि डिसेंबर १९९६मध्ये मास्त्रोयानी गेला तेव्हा या कारंज्याचं पाणी बंद करून त्यावर काळं कापड चढवलं होतं. एका नटासाठी अख्खं कारंजं गप्प केलं. हे ऐकल्यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

आता पहिली तक्रार. 'रोमन हॉलिडे'चा शेवटचा सीन, राजकन्येची पत्रकार परिषद, तो कोलोन्ना राजवाड्याच्या दालनात झालाय. ब्रोशरमध्ये ही जागा ठळक छापलेली आणि कार्यक्रमात टाकलेली सोमवारी. तो राजवाडा सर्वसामान्य लोकांसाठी मुख्यतः शनिवारी सकाळी उघडतो! सोमवारी आम्ही १४ माणसं बंद दारासमोर. आम्ही रोमला पोचलोच शनिवारी संध्याकाळी, म्हणजे एक दिवस आधी मुंबईहून निघालो असतो तर जमलं असतं. गाईडची यात काही चूक नाही, दादरला ज्याने तारखा लावल्या त्याने वेळ तपासायला हवी होती, इतकंच काम होतं. तिथे १८४९च्या वेढ्यात येऊन पडलेला तोफेचा गोळा अजून पायरीवर तसाच ठेवलाय, आईला तो बघायचा होता, तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि मला त्याचाच राग जास्त आला.

पण रविवारची सकाळ मी कधी विसरणार नाही. पोर्ता पोर्तेसेचा बाजार. फक्त रविवारी भरतो, दुपारी आवरतो. 'बायसिकल थीव्ज' बघितलेल्यांना सांगायला नको, १९४८चा, दिग्दर्शक दे सिकाचा सिनेमा, पोस्टर चिकटवणाऱ्या माणसाची सायकल चोरीला जाते आणि बाप-लेक ती आधी पियात्सा व्हित्तोरिओच्या बाजारात शोधतात, मग इथे, आणि इथेच धो धो पाऊस येतो. मुंबईकराला हा बाजार समजावून सांगावाच लागत नाही, हा रोमचा चोर बाजार, आपला शुक्रवारी फुलतो तसा तो रविवारी. जुने नळ, घड्याळं, लष्करी कोट, तुटक्या बाहुल्या, कुलपाशिवाय चाव्यांचा ढीग. आणि एका कोपऱ्यात एक म्हातारे गृहस्थ सतरंजीवर नुसते सायकलचे भाग मांडून बसलेले, पेडल, साखळ्या, सीट, आणि एका बिस्किटाच्या डब्यात घंट्या. आई खाली वाकली, एकेक घंटी अंगठ्याने वाजवून बघायला लागली, बहुतेक गंजलेल्या, नुसतं खर्र वाजायचं, सातव्या की आठव्या घंटीचा आवाज टण्णकन आला. तीन युरोला घेतली. सिनेमात तो मुलगा, ब्रुनो, पियात्सा व्हित्तोरिओच्या बाजारात घंट्या आणि पंप शोधत फिरतो, आणि इथे पंचाहत्तरेक वर्षांनी घंट्या विकायला मांडलेल्या.

मग मी गाईडला आमच्याकडची गोष्ट सांगितली. १९५२मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आमच्या मुंबईत भरला होता आणि तिथे हा सिनेमा दाखवला होता, तो बघून बिमल रॉय भारावून गेले आणि पुढच्याच वर्षी 'दो बीघा जमीन' आला, बलराज साहनी हातरिक्षा ओढणारा शेतकरी. तिकडे सायकल, इकडे हातरिक्षा, आणि दोन्हीकडे बापाबरोबर एक लहान मुलगा. गाईडला हे माहीत नव्हतं, तिने लगेच वहीत लिहून घेतलं, नावांचं स्पेलिंग दोनदा विचारलं, म्हणाली पुढच्या ग्रुपला सांगेन. मला फार बरं वाटलं.

फ्लॉरेन्सला आम्ही म्युझियमला कमी आणि जवळच्या अरेत्सो गावाला जास्त वेळ दिला, ट्रेनने साधारण तास. 'लाइफ इज ब्युटिफुल' (१९९७) तिथे शूट झालाय, ज्याच्यासाठी त्याचा नायक-दिग्दर्शक रॉबेर्तो बेनिन्यी ऑस्करला खुर्च्यांवर चढून स्टेजकडे गेला होता. या गावाने काय सुंदर काम केलंय बघा, शूटिंगच्या जागांवर गावानेच बोर्ड लावलेत, सिनेमातला फोटो आणि संवाद. तिथे गाईड नसला तरी चालतं. पियात्सा ग्रांदे हा चौक चक्क उतारावर आहे, सिनेमात बायकोला पुढे बसवून आणि मुलाला घेऊन तो सायकलवरून जातो तो हाच. आई बोर्ड वाचत एकटीच पुढे गेली आणि मी मागून बघत राहिले, कारण तिला इटालियन येत नाही तरी सिनेमा पाठ असल्यामुळे कुठला संवाद कुठला ते कळत होतं.

व्हेनिसने निराश केलं, म्हणजे शहराने नाही, टूरने. तिथला गाईड चांगला बोलायचा पण सगळं काचेबद्दल आणि जुन्या राजवटीबद्दल, सिनेमाचं एक अक्षर नाही. मग कसली सिनेमातली इटली? सान बार्नाबा चर्च, जे १९८९च्या इंडियाना जोन्सच्या सिनेमात बाहेरून लायब्ररी म्हणून दाखवलंय, त्याच्यासमोरून आम्हाला तो न थांबता घेऊन गेला. त्या चर्चसमोरच्या चौकालगतच्या कालव्यात १९५५च्या 'समरटाइम' सिनेमासाठी कॅथरीन हेपबर्नने (ही ऑड्री नव्हे, दुसरी नटी) पाण्यात पडायचा शॉट स्वतः दिला होता आणि त्या घाण पाण्याने तिला डोळ्याचं दुखणं कायमचं लागलं. हे मी घरून वाचून गेले होते म्हणून ग्रुपला मीच सांगितलं.

गोंडोला पॅकेजमध्ये नव्हता. दिवसा सरकारी रेट ९० युरो, अर्धा तास, एका बोटीत जास्तीत जास्त पाच जण, तेव्हा पाच माणसं जमवा म्हणजे माणशी १८ पडतात, आणि गाणं हवं असेल तर त्याचे वेगळे पैसे. आम्ही गाणं घेतलं नाही कारण आमचं गाणं आमच्याकडे होतं. 'द ग्रेट गॅम्बलर', १९७९, अमिताभ, झीनत अमान, गोंडोला, आर. डी. बर्मनची चाल. 'दो लफ्जों की है दिल की कहानी'. आईने मोबाईलवर लावलं, हळू आवाजात, आणि गोंडोलाच्या टोकाला जे चकचकीत लोखंडी पातं असतं दात्यांचं, ते स्क्रीनवर आणि तिच्या डोळ्यासमोर एकाच वेळी डोलत होतं. बोटवाल्याने वाकून स्क्रीन बघितली, सुरुवातीचे इटालियन शब्द ऐकून हसला आणि पुढचं आपल्या सुरात गुणगुणला, त्याचे पैसे मागितले नाहीत.

दुसरी तक्रार ब्रोशरची. कव्हरवर सिसिलीतल्या साव्होका गावच्या बार व्हितेल्लीचा फोटो आहे, 'गॉडफादर'वाला, आणि टूरमध्ये सिसिली नाहीच. आमच्यातल्या दोन काकांनी फक्त त्या फोटोवर पैसे भरले होते. हे बरोबर नाही, टूर जिथे जात नाही त्या जागेचा फोटो छापू नये.

बाकी कामाचं: रोमचे रस्ते लहान काळ्या दगडांचे, जाड तळाचे बूट न्या, नवे कोरे नकोत. बाटली घेऊन फिरा, रस्त्यावरच्या नळांचं पाणी गार आणि पिण्याचं असतं. कट्टर शाकाहारी असाल तर रोमच्या चीज-मिरीवाल्या पास्त्यातलं पेकोरिनो चीज विचारून घ्या, त्यात कोकराच्या पोटातलं विरजण असतं, आई त्यामुळे टोमॅटोवाल्या पास्त्यावरच राहिली आणि सोबत नेलेलं मेतकूट आणि दशम्या पाच दिवस पुरल्या. आणि निघायच्या आधी सिनेमे पुन्हा बघाच, ऑफिसने यादी दिली नव्हती, आमच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याने एकही बघितला नव्हता आणि ती दोघं पोर्ता पोर्तेसेला कंटाळून बसमध्ये जाऊन बसली.

माझे स्टार पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन रोमच्या गाईडचे आणि अर्धा अरेत्सोला नेल्याबद्दल. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की प्रत्येक शहरातला गाईड सिनेमाचा आहे की साधा, त्याच्याकडे फ्रेम्स असतात का, आणि कोलोन्ना कुठल्या वारी आहे.

गेल्या आठवड्यात ऑफिसात जाऊन हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, पैसे मात्र काही परत दिले नाहीत. मार्चच्या बॅचचा छापील कार्यक्रम दाखवला, कोलोन्ना शनिवारी सकाळी घेतलाय, व्हेनिसच्या गाईडचं अजून ठरायचंय, कव्हरवर बार व्हितेल्ली तसाच आहे. सायकलची घंटी आईने देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीच्या गजाला बसवून घेतलीय, संध्याकाळी दिवा लावला की एकदा वाजवते.