20 गुंठे मोकळी जागा: कुंपणाची बाग, दाट वन की कट्टा-मैदान?

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टरहून मोठ्या जमिनीचा ले-आउट पाडताना किमान 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पाच एकरांचा ले-आउट असेल तर ती जागा होते 20 गुंठे, म्हणजे साधारण 2,000 चौरस मीटर. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांत असे तुकडे जागोजागी आहेत. बरीच वर्षं त्यांच्यावर राडारोडा आणि गाजरगवत असतं. मग कधीतरी निधी मंजूर होतो आणि सोसायटीच्या समितीला किंवा नगरपालिकेला घाईघाईत ठरवावं लागतं की इथे करायचं काय. हा आढावा त्या बैठकीत बसणाऱ्यांसाठी आहे.

टेबलावर सहसा तीन प्रस्ताव येतात. पहिला: भिंत, गेट, लॉन, कारंजं आणि फिरायला ट्रॅक असलेली बाग. दुसरा: मियावाकी पद्धतीचं दाट वन. तिसरा, जो बऱ्याचदा कोणी मांडतच नाही कारण त्यात उद्घाटनाला दाखवण्यासारखं फारसं काही नसतं: कडेने कट्टा आणि झाडं, मध्ये मोकळं मैदान. मी लँडस्केपचं काम करते आणि 20 गुंठ्यांसाठी माझा कल तिसऱ्याकडे आहे. तरी बाकीच्या दोघांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं, कारण काही जागांना तेच योग्य असतात.

लॉन मागतं काय

सुंदर बाग पाहायची तर पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावं. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ही दहा एकरांची बाग 2006 मध्ये खुली झाली. वाहतं पाणी, छोटे पूल, उतारावर पसरलेली हिरवळ. सकाळच्या उन्हात तिथे चालताना खरंच प्रसन्न वाटतं. पण ती बघायची बाग आहे. तिला तिकीट आहे, आणि ती तशी राहावी म्हणून माळी रोज राबतात.

समितीच्या डोळ्यासमोर बहुतेकदा असंच चित्र असतं, फक्त आकाराने लहान. तेव्हा हिशेब करू. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज पाच लिटरच्या आसपास पाणी लागतं, मराठवाड्यात किंवा विदर्भात त्याहूनही जास्त. 20 गुंठ्यांपैकी निम्म्या भागात लॉन केलं तरी रोजचे 5,000 लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत रिकामा. एप्रिलमध्ये नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हे पाणी पहिल्यांदा तोडलं जातं, आणि तोडलंच पाहिजे. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं पाणी पाइपने जागेवर पोचत असेल तर लॉनचा विचार करा. नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात ते पिवळं पडतं, तिसऱ्यात माती उघडी पडते. कारंज्याचा पंप तर बहुतेकदा त्याच्याही आधी बंद पडलेला असतो.

आणखी एक अडचण आहे. लॉन जपायचं म्हणजे त्यावर कोणी बसायचं नाही. मग पाटी लागते, रखवालदार येतो, शिट्टी येते. ज्या मुलांसाठी जागा केली त्यांनाच पहिलं हुसकावलं जातं.

वनाची बाजू

अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पद्धतीत जमीन सुमारे मीटरभर खोल भुसभुशीत करतात, खत आणि भाताचं तूस मिसळतात, चौरस मीटरला तीन ते पाच स्थानिक रोपं लावतात आणि वर पेंढ्याचं आच्छादन घालतात. रोपं उजेडासाठी चढाओढीने वाढतात. दोन-तीन वर्षं पाणी आणि तण काढणं, मग ते आपलं आपण उभं राहतं. मुंबई महापालिकेने 2020 पासून अनेक भूखंडांवर अशी वनं लावली आहेत. धूळ, आवाज, उन्हाची धग या तिन्हींवर ती काम करतात, पक्षी आणि फुलपाखरं येतात. ज्या वस्तीत डोळ्यांना हिरवं काही दिसत नाही तिथे हे थोडं नाही.

मात्र त्यात माणसाला जागा नाही. 2,000 चौरस मीटरवर किमान 6,000 रोपं लावली की आत पाऊल टाकायला वाव राहत नाही. संध्याकाळी वनाच्या बाजूने एकटीने जाणाऱ्या बाईला पलीकडचं दिसत नाही. शिवाय ही पद्धत जपानच्या सदाहरित जंगलांवरून आली. पुणे-नगर-सोलापूरकडच्या पठारावर मूळचं निसर्गरूप बऱ्याच ठिकाणी गवताळ माळ आणि विरळ झाडांचं आहे. तिथे दाट वन म्हणजे निसर्ग परत आणला, हा दावा मला पटत नाही. वस्तीतली एकमेव मोकळी जागा पूर्ण वनाला देऊ नये असंच मी सांगेन. हायवेच्या किंवा नाल्याच्या बाजूला चार मीटर रुंदीची पट्टी मात्र जरूर द्यावी. 45 मीटर लांबीच्या अशा पट्टीत पाचशेच्या वर रोपं बसतात आणि धुळीचा त्रास स्पष्ट कमी होतो.

कट्ट्याचं गणित

दादरचं शिवाजी पार्क 1925 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. आकाराने ते आपल्या 20 गुंठ्यांच्या पन्नासपट मोठं आहे, तरी शिकण्यासारखं आहे, कारण त्याची खरी जादू मैदानाच्या मध्यभागी नसून कडेच्या कट्ट्यात आहे. कट्ट्याला पाठ नाही. त्यामुळे कोणी मैदानाकडे तोंड करून क्रिकेट बघतं, तर कोणी पाय पलीकडे टाकून रस्त्याकडे बघतं. दोघं अनोळखी माणसं एकमेकांना पाठमोरी, हातभर अंतरावर, निवांत बसू शकतात. कॉलेजची मुलं, निवृत्त मंडळी, भाजीची पिशवी टेकवून दोन मिनिटं दम खाणाऱ्या काकू, सगळ्यांना तोच कट्टा पुरतो. तिथे बसायला काही विकत घ्यावं लागत नाही की कोणाला कारण सांगावं लागत नाही.

न्यूयॉर्कच्या चौकांचा 1970 च्या दशकात सार्वजनिक जागांचे अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला होता. दोन माणसं पाठीला पाठ लावून बसतील इतकी रुंदी, साधारण 75 सेंटिमीटर, त्यांनीही मोलाची मानली. त्यांचं आणखी एक निरीक्षण प्रत्येक समितीने लक्षात ठेवावं असं आहे: ज्या जागा चांगल्या चालतात तिथे बायकांचं प्रमाण जास्त असतं. कुठे बसायचं हे बायका अधिक पारखून ठरवतात, म्हणून त्या नाहीत तिथे काहीतरी चुकलेलं असतं.

आपल्या जागेच्या दोन बाजूंना मिळून 90 मीटर कट्टा केला तर एकाच बाजूला तोंड करून बसले तरी दीडशे माणसं बसतात. तेवढ्यांसाठी पन्नास बाक लागले असते. उंची 45 सेंटिमीटर ठेवा. वर काळा गुळगुळीत कडप्पा किंवा पॉलिश ग्रॅनाइट नको. मे महिन्यात दुपारी दोनला त्यावर हात ठेवून बघा, लगेच उचलाल. फिकट, खरबरीत दगड घ्या. आणि सगळाच कट्टा बिनपाठीचा नको. गुडघे दुखणाऱ्यांना उठताना हाताला आधार लागतो, त्यांच्यासाठी पाठ आणि हात असलेले पाच-सहा बाक हवेतच, तेही रस्त्याकडे पाठ करून नव्हे, तर येणारा-जाणारा दिसेल असे.

शिवाजी पार्कचा दोषही सांगायला हवा. तांबड्या मातीची धूळ हिवाळ्यापासून आसपासच्या घरांत जाते आणि रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. मोकळ्या मैदानाची ही खरी किंमत आहे. लहान जागेत ती आटोक्यात ठेवता येते: मुरूम पाणी मारून रोलरने दाबणं, शंभराला एक उतार देणं, कडेच्या भागात हरळी पसरू देणं. पेव्हर ब्लॉक घालून धूळ मिटवण्याचा मोह टाळा. ते तापतात आणि पावसाचं पाणी मुरू देत नाहीत.

सावली आधी

तिन्ही प्रस्तावांना मी एकच प्रश्न लावते: दुपारी दोन वाजता इथे कोण बसलेलं असेल? घरकामाच्या दोन घरांमध्ये तासभर मोकळ्या असलेल्या ताई, डिलिव्हरीची मुलं, डबा खाणारा गवंडी, क्लासला लवकर आलेली विद्यार्थिनी. पुण्यातल्या बऱ्याच महापालिकेच्या उद्यानांना नेमकं त्याच वेळी कुलूप असतं. वनात शिरता येत नाही. कट्ट्यावर बसता येतं, पण सावली असेल तरच.

दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, म्हणून पश्चिमेच्या हद्दीवर झाडं आणि त्यांच्या आतल्या बाजूला, पूर्वेकडे, कट्टा. करंज आणि कडुनिंब ही भरवशाची झाडं. करंजाला नवी पालवी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर येते. बहावा मे महिन्यात डोळ्यांचं पारणं फेडतो, पण तेव्हा त्याला पानंच नसतात, म्हणून त्याला कोपऱ्यात लावा. काटेसावरही फुलते तेव्हा निष्पर्ण असते, तिलाही कोपराच द्या. गुलमोहर नको, पावसाळ्यात फांद्या मोडतात. आठ-नऊ मीटरवर एक झाड पुरे, आणि बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी राहिलीच पाहिजे. कट्टा थेट खोडाला भिडवला की काही वर्षांत झाड तरी मरतं किंवा कट्टा तरी फुटतो.

कुंपणाचं काय?

कुंपण म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. मुंबईचं ओव्हल मैदान 1990 च्या दशकात दुर्दशेत होतं. रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली, देखभाल हाती घेतली, आज ते मैदान जिवंत आहे. त्याला कुंपण आहे आणि रात्री ते बंदही होतं. पण ती आरपार दिसणारी लोखंडी जाळी आहे, आणि मधून पायवाट जाते, त्यामुळे चर्चगेटकडून न्यायालयाकडे जाणारा माणूस रोज मैदान ओलांडतो. सहा फुटी भिंतीने हे दोन्ही साधत नाही. भिंतीच्या आत काय चाललंय हे बाहेरच्याला दिसत नाही, आणि संध्याकाळनंतर बायका-मुली यायच्या थांबतात.

20 गुंठ्यांना माझ्या मते कमरेएवढी जाळी पुरते, तीही फक्त वाहत्या रस्त्याच्या बाजूला, मुलांचा चेंडू आणि चेंडूमागची मुलं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून. वाटा किमान दोन, समोरासमोर. दुचाकी अडवायला नागमोडी गेट बसवतात, त्यात व्हीलचेअर आणि बाबागाडी अडकते. त्यापेक्षा खांब रोवा, मधलं अंतर 90 सेंटिमीटर तरी ठेवा. त्यातून दुचाकी घुसू शकते, हे मान्य. त्यावर उपाय बाहेर दुचाकींना वेगळी जागा देणं हा आहे. दिवे चार मीटर उंचीचे, कट्ट्याच्या ओळीने. हायमास्टचा, म्हणजे एकाच उंच खांबावरच्या मोठ्या दिव्यांचा, उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडतो, खाली बसलेली माणसं अंधारातच राहतात. पिण्याचा नळ आणि रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह यांना कारंज्याचे पैसे द्या.

कोणी काय निवडावं

प्रक्रिया केलेलं पाणी आणि पगारी माळी दोन्ही पक्के असतील, जवळ दुसरं मैदान असेल आणि वस्तीत ज्येष्ठांची संख्या मोठी असेल, तर बाग करा, फक्त तिचं लॉन तुडवायला परवानगी द्या. जागा उताराची, निमुळती, नाल्याकाठची असेल, जिथे तसंही कोणी बसणार नाही, तिथे पूर्ण वन लावा. बाकी बहुतेक ठिकाणी पश्चिमेला झाडं-कट्टा, त्रास असलेल्या एका बाजूला वनाची पट्टी आणि मध्ये दाबलेल्या मुरमाचं मैदान हा मेळ बसतो. खेळणी आणि व्यायामाची साधनं नंतर आली तरी चालतात, आणि तीही सावलीखाली.

निविदेत दोन गोष्टी लिहून घ्या. झाडं लावताना आठ-दहा फुटांची, आणि त्यांच्या रकमेचा ठरावीक भाग तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जगलेली झाडं मोजून द्यायचा. खड्डे एप्रिल-मेमध्ये मीटरभर खोल खणून तापू द्या, लागवड जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर. कट्ट्याचं बांधकाम त्याआधी संपलेलं हवं, नाहीतर नव्या रोपांवर वाळू-सिमेंटचे ट्रक फिरतात.