आकाराची चूक कधी कळावी: नमपाय आणि फ्युथार्क

नागपूरच्या बारा महिन्यांच्या कमाल तापमानातून त्या त्या महिन्याची दीर्घकालीन सरासरी मला वजा करायची होती. तापमानांची यादी 12 आकड्यांची होती, तर सरासरी 12 ओळी आणि 1 स्तंभ अशा तक्त्यात होती. नमपायने (NumPy, पायथन भाषेतील आकडेमोडीची लायब्ररी) विनातक्रार 144 आकड्यांचा तक्ता दिला, आणि मे महिन्यातून डिसेंबरची सरासरीही वजा झाल्याचे मला आलेख काढल्यावरच उमगले.

नमपायच्या नियमानुसार हे उत्तर बरोबरच आहे: तिथे आकार शेवटच्या मितीपासून जुळवले जातात आणि 1 लांबीची मिती हवी तेवढी ताणली जाते. प्रयोग करून पाहताना ही मोकळीक फार सोयीची ठरते.

कोपनहेगन विद्यापीठात घडलेल्या फ्युथार्क (Futhark) या प्रोग्रामिंग भाषेत मात्र यादीची लांबी हा तिच्या प्रकाराचाच (टाइपचाच) भाग असतो. दोन्ही याद्या n इतक्याच लांबीच्या आणि सुट्या आकड्यांच्या (तक्ता नव्हे) असल्या पाहिजेत, असे फलनाच्या (फंक्शनच्या) प्रकारातच लिहिलेले असल्यामुळे वरची वजाबाकी संकलकाच्या (कंपायलरच्या) टप्प्यावरच, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधीच, अडली असती. अर्थात त्याची किंमत मोजावी लागते. यादीतून चाळून घेतलेल्या आकड्यांची संख्या आधी ठाऊक नसते. म्हणून संकलक तिला नवे, अज्ञात नाव देतो, आणि ती दुसऱ्या लांबीशी जुळते असे आपण लिहिले, तर त्याची तपासणी प्रोग्राम चालतानाच होते. अनुक्रमांक यादीबाहेर गेल्याची चूकही लांबीचे प्रकार पकडत नाहीत.

तरीही वर्षानुवर्षे चालणाऱ्या हिशेबासाठी मी फ्युथार्कच निवडेन.